अंगाचं पान

१९ एप्रिल १९७९, एउआ

मेरेआनाबाई सकाळच्या बोटीने गेल्या. बंदरावर अर्धा गाव जमला होता. माझ्या भावाच्या मित्राने, फिलिमोनेने, त्यांच्या गळ्यात इतके हार घातले की बाईंचं नाक तेवढं बाहेर दिसत होतं. मला त्यांनी टेपरेकॉर्डर दिला, बारा कॅसेट दिल्या आणि दोनशे शब्दांचे तक्ते दिले. प्रत्येक शब्दापुढे आमच्या बोलीतला शब्द लिहायचा आणि तो घालून सांगणाऱ्याने केलेलं एक वाक्य. पस्तीस वर्षं शाळेत मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतले, आता म्हातारपणी भावाकडून घ्यायचे.

बाई माओरी. ऑकलंडच्या विद्यापीठात शिकवतात. त्या पाचला रीमा म्हणतात, सामोआचे लीमा म्हणतात, टोंगाचे नीमा. ताऱ्याला त्या फेतू म्हणतात, इथे फेतूउ, आणि तिकडे लांब हवाईत होकू. एका आईची लेकरं आहेत, समुद्रभर पांगलेली, असं त्या सांगतात. या लेकरांचा त्यांनी एक वृक्ष काढलाय. एका फांदीवर टोंगन आणि तिची जोडीदारीण निउएची बोली. दुसऱ्या फांदीवर सामोआ, ताहिती, माओरी आणि बाकीचा सगळा गोतावळा. आमच्या हाकाउलोआ बेटाची बोली टोंगनच्या खाली, कंसात, प्रश्नचिन्ह लावून. ते प्रश्नचिन्ह मी तीन आठवडे बघतेय आणि मला ते डाचतंय.

शाळा तपासनीस मला नोकरीभर सांगत आले, तुमची ती मोडकी टोंगन मुलांसमोर बोलू नका. बाईंना वाटतं, ती टोंगनची लेक नाहीच. सामोआकडच्या फांदीची आहे, फक्त टोंगाच्या शेजारी फार वर्षं राहिली. मी विचारलं, हे सिद्ध कसं करायचं? त्या म्हणाल्या, "शेजारणीकडून बाई भांडीकुंडी मागून आणते. हातपाय मागून आणत नाही." म्हणून यादीचं पहिलं पान अंगाचं आहे. चाळीस शब्द. तेच सगळ्यात महत्त्वाचं.

हे सगळं दादाच्या तोंडून यायला हवं. हाकाउलोआचा डोंगर फुटला त्या वर्षी, अडतीस साली, आम्हां एकशेचाळीस जणांना इथे टोंगाच्या एउआ बेटावर आणलं. पोरांनी इथल्या मुली केल्या, घरात टोंगन आली. गेल्या साली फुसीआजी गेली आणि आता बोली कळणारे दोघंच उरलो, दादा आणि मी. माझं काही खरं नाही. मी नवव्या वर्षापासून वसतिगृहात. ऐकलं की सगळं समजतं, पण बोलायला गेलं की टोंगन आधी तोंडात येते. दादाचं तसं नाही. तो अजून स्वप्नं सुद्धा त्याच बोलीत बघत असेल.

२४ एप्रिल

काम सुरू झालं. दादाच्या घराला मागच्या बाजूने झावळ्यांचा कूड आहे. तो आत बसतो, मी कुडाबाहेर परसात चटई टाकून बसते. टेपरेकॉर्डर आत विकाजवळ. विका म्हणजे दादाची मुलगी. तिची आई गेल्यापासून तीच घर बघते. एका छपराखाली दादा आणि मी पन्नास वर्षांत बसलेलो नाही. मी वसतिगृहातून सुट्टीला घरी आले, दहा-अकराची, तेव्हाच त्याने आपली चटई उचलून काकाच्या घरी नेली, सगळे भाऊ नेतात तशी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण मला अहो-जाहो करतो. मी हुकूम केला तर त्याने ऐकायचं, आणि माझ्यासमोर कसली वाकडी गोष्ट म्हणून बोलायची नाही. टोंगात हे आहेच, आमच्या बेटावर चार बोटं जास्तच.

आज वाऱ्यांची नावं झाली. सतरा निघाली. मला आठ माहीत होती.

विका मधेच म्हणाली, "बाबा, एवढे वारे कशाला लागायचे?"

"तुला नवरे किती लागतील ते आधी सांग, मग मी वाऱ्यांचं सांगतो."

मी बाहेर खोकले. बहीण ऐकतेय हे विसरला होता. नंतर अर्धा तास नुसता माशांबद्दल बोलला, पाद्रीबुवांसमोर बसल्यासारखा.

२ मे

आज मी म्हटलं, "दादा, पहिलं पान घेऊ या."

तो विकाशी बोलला. "तुझ्या आत्याबाईंना विचार, होडीचे भाग सगळे झाले का?"

"होडीचे झाले. जाळ्याचे झाले. दादा, डोकं, डोळे, कान यांना काय लाज?"

"डोळे-कान म्हणता म्हणता खाली उतरावं लागतं," तो म्हणाला. "बहिणीसमोर अंगाची वाट कुठपर्यंत उतरायची?"

मी म्हटलं, हे शास्त्र आहे. तो म्हणाला, असेल. मग त्याने नीरफणसाच्या नऊ जाती सांगितल्या, न विचारता. हट्टीपणा आमच्या घरचाच, त्यामुळे मला तो लांबून ओळखू येतो.

६ मे, रविवार

आज फाकामेचा सण, मुलांचा रविवार. देवळात मुलांनी पाठ म्हटले, पांढऱ्या फ्रॉकमधली एक चिमुरडी मधेच विसरली आणि रडायला लागली, तशी तिच्या आजीने बाकावरून उरलेलं म्हणून टाकलं. नंतर मोठी पंगत. दादा आलाच नाही. त्याच्या वाटणीची डुकराची पाठ आणि कोनफळं विकाच्या हाती माझ्याकडे पाठवून दिली. "बाबा म्हणाले, आत्याबाईंना दे." दर रविवारी हल्ली हेच. भावाने बहिणीला पहिला मान द्यावा हे ठीक, पण सगळंच ताट पाठवलं तर मी एकटी बाई किती खाणार? तरी खाल्लं. आता पोट तटतटलंय, आणि रविवारी लिहायला बसले म्हणून देवाची माफी मागते.

१८ मे

युक्ती काढली होती. फिलिमोने दादाचा कावा, म्हणजे मुळी कुटून केलेलं पेय, पिण्याचा सोबती, इथलाच, आमच्या बोलीचं त्याला एक अक्षर येत नाही. मी सुचवलं, मी घरी बसते, फिलिमोने आत बसून टेप करील, दादाने अंगाचे शब्द त्याला सांगावे.

फिलिमोने म्हणाला, "मी तयार आहे. बटण दाबायला अक्कल लागत नाही, माझ्याकडे ती बेताचीच आहे."

दादाने आतून विचारलं, "आणि ती टेप मग ऐकणार कोण?"

ऐकून लिहिणारी मीच. दुसऱ्या कुणाला कळणारच नाही.

"म्हणजे कान बहिणीचेच," तो म्हणाला. "आज काय आणि महिन्याने काय."

मला राग आला तसा फिलिमोने हसत म्हणाला, "सांभाळ रे सियोएली. बहीण रागावली की भावाच्या पोटात दुखतं, म्हातारे म्हणायचे." एरवी दादा असल्या बोलण्यावर तोडीस तोड देतो. आज काही बोलला नाही. विकाने टेप बंद करून टाकली.

४ जून

दादा आणि विका बोटीने राजधानीला, नुकुआलोफाला गेले. कारण काय, तर मावसभावाचं जाळं बघायचंय. ऐन कामाच्या दिवसांत. इथे जाळी नाहीत का?

९ जून

परत आले. जाळ्याबद्दल विचारलं तर विका म्हणते, चांगलं होतं. किती हाताचं? तिला माहीत नाही. बंदराच्या चढावर दादाला लांबून पाहिलं. बराच वाळलाय, सदरा खांद्यावरून उतरत होता. मी फिलिमोनेला म्हटलं, तुझ्या मित्राने चांगलं मनावर घेतलंय, तरुण पोरासारखा सडपातळ झाला, दुसरी बायको बघतोय की काय. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "चढ मोठा आहे," आणि दादाच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे गेला.

२२ जून

आज फार सुंदर काम झालं. समुद्राच्या रंगांची बारा नावं, आणि आमच्या बेटावरच्या तळ्याकाठची पहाटेची एक वेळ, ज्या वेळी पाखरं उठलेली असतात पण माणसं नाहीत, तिला एक अख्खा शब्द. तो शब्द मी आठ वर्षांची असताना आईच्या तोंडून ऐकला होता आणि साफ विसरले होते. कुडाबाहेर बसून मला रडू आलं. दादाला ते ऐकू गेलं असावं. तो थांबला, मग तोच शब्द पुन्हा सांगितला, सावकाश.

पण पुढचं वाक्य अर्ध्यावरच सोडलं. विका म्हणाली, "बाबांना झोप लागली." सकाळचे दहा वाजलेले. हल्ली तो मधल्या खांबापाशी बसत नाही, सरकत सरकत कुडालाच पाठ लावून बसतो. झावळ्या बाहेर फुगतात. मी विकाला सांगितलं, वडिलांना म्हणावं, कूड जुना आहे, एक दिवस माझ्या अंगावर येईल.

९ जुलै

बाईंचं पत्र. एकशेसाठ शब्द पोचले. त्या खूश आहेत. पण वारा, होडी, मासे यांवरून काही ठरवता येत नाही. ते टोंगनकडूनही आलेले असू शकतात. काही शब्द सामोआकडे बोट दाखवतात, काही टोंगाकडे. पहिलं पान मिळालं तर फांदी ठरेल. पुस्तक सप्टेंबरअखेर छापायला जाईल. न मिळालं तर कंस तसाच ठेवावा लागेल.

पत्र घेऊन तशीच परसात गेले आणि कुडाबाहेर उभं राहून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "उरलेलं सगळं दिलंय ना?"

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "दादा, आपली भाषा तू लाजेपायी मातीत घेऊन जाणार. आईची भाषा. तपासनीस म्हणायचे ते खरंच निघेल, मोडकी टोंगन. छापून येईल तसं, आणि ते तुझ्यामुळे."

विका म्हणाली, "आत्या, पुरे." ती मला असं कधी बोलली नव्हती.

दादा म्हणाला, "तुमचं बरोबर आहे." एवढंच.

जास्त बोलले का? बोलले असेन. पण खोटं काय बोलले?

१३ जुलै

पुन्हा नुकुआलोफा. या वेळीही पाच दिवसांसाठी निघालेत. विकाचे डोळे लाल आहेत. मला वाटतं, पोरीचं तिकडे कुणावर तरी मन बसलंय आणि दादाला ते पसंत नाही. आत्या म्हणून मला विचारायला हवं. पण मी रागावलेली आहे, म्हणून विचारलं नाही.

१ ऑगस्ट

काम बंदच आहे. गेल्या आठवड्यात फिलिमोने टेपरेकॉर्डर मागायला आला. म्हणे, दादाबरोबर कावा पिताना म्हणायची जुनी गाणी टेप करायचीत. मी दोन कोऱ्या कॅसेट दिल्या आणि चार शब्द सुनावले. भाषेसाठी वेळ नाही, गाण्यांसाठी आहे. आता रोज दुपारी दोघांचा आवाज येतो. गाणं मात्र एकही ऐकू येत नाही. काल मी परसात लाकडं घ्यायला गेले तर आतला आवाज टपकन थांबला.

"काय चाललंय रे?" मी विचारलं.

"बायकांनी ऐकायची गाणी नाहीत ती," फिलिमोने म्हणाला.

साठीचे दोन म्हातारे. मला खरंच मत्सर वाटला. माझ्याशी बोलायचं म्हणजे वारे आणि मासे, आणि त्या बोली न येणाऱ्या माणसाशी दुपार दुपार गप्पा.

१९ ऑगस्ट, रविवार

देवळातून आल्यावर विका माझ्या घरी आली, दारात बसली आणि म्हणाली, "आत्या, बाबांना आता उठता येत नाही."

पोटात गाठ आहे. मार्चपासून. जूनमध्ये नुकुआलोफाला डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने आधी आला असतात तर कापता आली असती. जुलैत सांगितलं, घरी न्या.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

२० ऑगस्ट

विकाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी नुसतं म्हटलं असतं, बोटीत बस, तर तो बसला असता. बहिणीचा हुकूम त्याला मोडता आला नसता. मार्चमध्येच बसला असता.

ती म्हणाली, "त्यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, माझ्या पोटातलं माझ्या बहिणीच्या कानावर घातलंस तर मी मेल्यावर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि आत्या, मी सांगणार कुठल्या शब्दांत? तुम्ही तरी ऐकून घेतलं असतंत का?"

मी म्हटलं, घेतलं असतं. मग रात्रभर विचार केला. मार्चमधली मी ऐकून घेतलं असतं का? मी म्हटलं असतं, पोरी, बापाचं असं बहिणीसमोर बोलतात का? मी तेच म्हटलं असतं. मी माझं शास्त्र घेऊन त्याच्या कुडाबाहेर बसले होते, आणि रीत मी सुद्धा सोडली नव्हती. ती सोडायचं त्याला मात्र सांगत होते.

त्याने पाठवलेली सगळी ताटं मी खाल्ली.

२३ ऑगस्ट

दिवसभर कुडाबाहेर बसून असते. तो आत आडवा आहे, कुडाला लागूनच. अंथरुणाचा वास येतो, धुतलेल्या चादरींचा आणि दुसरा. मी आत जाऊ शकत नाही. अजून तो जिवंत आहे म्हणून जाऊ शकत नाही.

आज दुपारी त्याने हाक मारली. "आहात का बाहेर?"

"आहे दादा."

"जेवलात?"

"जेवले."

"बाईंचं पुस्तक कधी जायचंय?"

"पुस्तक राहू दे."

"कधी जायचंय पण?"

"पुढच्या महिन्याच्या अखेरीला."

"मग वेळ आहे," तो म्हणाला. मला वाटलं, भ्रमात बोलतोय. मी विचारलं, काही हवंय का. तो म्हणाला, "त्या पहाटेच्या शब्दाचं वाक्य माझ्याकडून अर्धं राहिलं होतं." आणि वाक्य पूर्ण केलं. माझ्याजवळ पेन्सिल नव्हती. नखाने हातावर ओढत राहिले.

२७ ऑगस्ट

दादा गेला. सूर्य उगवायच्या आधी.

३० ऑगस्ट

काल दादाला माती दिली. विका आणि दादाच्या घरचे सगळे सुतकाच्या फाटक्या मोठ्या चटया कंबरेला गुंडाळून मागच्या अंगणात, चुलीपाशी. माझी जागा उशाशी. बहिणीचा मान. ज्या खोलीत उभ्या आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं तिथे मला सगळ्यांनी वाट करून दिली, आणि दोन दिवस मी त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसले. आता चालतं. चेहरा इतका लहान झालेला, मला आधी ओळखूच आला नाही. त्याची पांढरी दाढी मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. अंगावरचं झाडाच्या सालीचं कापड नीट करायच्या निमित्ताने कपाळाला हात लावला. कुणी काही म्हटलं नाही.

विकाला माझ्या जवळ बसता येईना, तिची जागा चुलीपाशी. दोघींनी वेगवेगळं रडून घेतलं.

८ सप्टेंबर

दहा दिवस झाले. चटया सुटल्या. फिलिमोने आला, बराच वेळ माझ्या कोंबड्यांची चौकशी केली, मग पिशवीतून माझ्याच दोन कॅसेट काढून चटईवर ठेवल्या.

"गाणी नाहीत ही," तो म्हणाला.

"मग?"

"तो बोलत होता, मी बटण दाबत होतो. मला ओ की ठो कळलं नाही. पण तुझे छापील कागद त्याने विकाकडून मागून घेतले होते. बोट ठेवून एकेक ओळ बोलायचा. कधी थांबायचा, दुखणं गेलं की पुन्हा सुरू. मी म्हणायचो, उद्या करू. तो म्हणायचा, उद्या तू येशील, माझं काय सांगावं."

"मला द्यायला सांगितलं?"

"नाही. म्हणाला, बाईंना पाठव. तिथल्या त्या बाईंना. तुझं नाव त्याने घेतलंच नाही, तेमा." तो उठला. "पण मी काही खुळा नाही. त्या बाईंना यातलं काय कळणार?"

१२ सप्टेंबर

कॅसेट पेटीवर आहेत. पाद्रीबुवांना विचारलं. ते म्हणाले, न ऐकता पाठवून द्या, मृताचा मान राहील. मी म्हटलं, तिकडे ती कुणाला समजणार नाही. ते म्हणाले, मग ते देवाला समजेल. देवाच्या वृक्षात आमची फांदी असेलच, मला ती छापलेली हवी आहे, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

आजच बाईंचं पत्रही आलं. दादाबद्दल फार हळवं लिहिलंय. शेवटी कामाचं: पहिलं पान कुठूनही मिळालं तर कळवा. पण छापणाऱ्यांची आता नवीन अट आहे. प्रत्येक ओळीपुढे सांगणाऱ्याचं नाव, ऐकून लिहिणाऱ्याचं नाव, आणि दोघांचं नातं. ते पुस्तकात तसंच छापलं जाईल. ऐकणाऱ्याला बोली येत असल्याशिवाय शब्द धरला जाणार नाही.

पुस्तक इथे शाळेत येणार, देवळाच्या कपाटात राहणार. सगळा गाव वाचणार.

फिलिमोनेला कळलं तेव्हा म्हणाला, "माझं नाव घाल. मला काय, मी आधीच बदनाम."

"तुला बोली येते का?"

"येते म्हणून सांगू. तिकडून कोण तपासायला येतंय?"

मी विचाराला त्याच्याकडे दोन दिवस मागितले.

१५ सप्टेंबर

आज ऐकलं. दारं लावून घेतली, विकाला सांगून ठेवलं कुणाला येऊ देऊ नकोस. ती म्हणाली, "आत्या, लोक तोंडावर बोलतील." मग माझ्या दाराबाहेर पायरीवर पाठ करून बसली.

आवाज त्याचाच, फक्त खूप खालून आल्यासारखा. मला एकदाही हाक नाही. सगळं बाईंना. "बाई, लिहून घ्या," असं म्हणून सुरुवात करतो, आणि यादीच्या क्रमाने वरून खाली येतो. शब्द दोनदा, स्पष्ट. मग वाक्य, बाईंच्या नियमाप्रमाणे.

डोकं. "डोकं अजून ताळ्यावर आहे म्हणून हे काम आत्ताच उरकतो."

दात. "दात सगळे आहेत, चावायला काही जात नाही."

जीभ. "माझी बहीण म्हणते मी ही जीभ मातीत नेतोय, तिचं बरोबर आहे."

रक्त. "रक्त पहिल्यांदा पडलं ते फाकामेच्या सणाला, म्हणून पंगतीला गेलो नाही."

पोट. "पोटात मार्चमध्ये नीरफणसाच्या बीएवढं होतं, आता मुठीएवढं आहे."

पाठ. "पाठ कुडाला लावली की बरं वाटतं, पलीकडे माझी बहीण लिहीत असते ते पाठीला कळतं."

इथे मी टेप थांबवली. पुन्हा लावेपर्यंत अंधार पडला. पुढे तो आणखी खाली उतरतो. मूत्र, मांड्या, सगळं. जे मी बापाच्या तोंडून ऐकलं नाही ते सगळं. फिलिमोने मधे खोकतो, त्याला कळत नसूनही. दादा कुठे अडखळत नाही. चाळीसच्या चाळीस.

त्याला माहीत होतं ही टेप कोण ऐकणार. मेमध्ये त्यानेच मला सांगितलं होतं, कान बहिणीचेच.

१७ सप्टेंबर

तक्ता सकाळी पुरा झाला. फांदीबद्दल मी बाईंच्या आधी काही बोलायची नाही, पण सामोआचे शब्द शेजारी ठेवून पाहिले, ओळीमागून ओळ जुळत गेली, आणि दोन वेळा उठून पाणी प्यावं लागलं.

नावांचे रकाने तेवढे उरले होते. विका समोर बसली होती. म्हणाली, "आत्या, फिलिमोनेकाका तयार आहेत."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे. मग पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं. सांगणारा सियोएली, हाकाउलोआ. ऐकणारी तेमालेती, हाकाउलोआ. नातं, बहीण. ओळी चाळीस, आणि वर तेच लिहिलंय अशी खूण करून भागलं असतं. मी प्रत्येक ओळीला पूर्ण लिहिलं. पोटापुढेही, रक्तापुढेही, आणि त्याच्या खालच्या सगळ्यांपुढेही. बहीण, बहीण, बहीण. हात दुखायला लागला तेव्हा विका म्हणाली उरलेलं मी लिहिते, पण ते तिला लिहिता येण्यासारखं नव्हतं.